चिरंजीव मेंढी झाले

रेडिंग,
20 डिसेंबर 2025

ती. नाना व ती. सौ. आई यांस,


नाना, ‘मुलांचा सहामाहीचा निकाल कळवावा, नंबर कितवा तेही लिहावे’ हा तुमचा निरोप दादाने फोनवर दिला. निकाल पुढीलप्रमाणे: ओम मेंढी झाला, मुक्ताने बासरी वाजवली, आणि मिलिंद व मी दोघं काठावर पास झालो.

थट्टा करत नाही. इथे प्राथमिक शाळेत सहामाही नसते आणि नंबरही नसतो. नोव्हेंबरात बाई दहा मिनिटं भेटतात आणि मूल वयाच्या मानाने बरोबर चाललंय की मागे पडलंय एवढंच सांगतात. शेजारच्या मुलाचं काय, हे विचारायची सोय नाही, त्यामुळे आपल्या मुलाबद्दल नक्की समाधानी व्हायचं की नाही तेच कळत नाही. परीक्षा असते ती पालकांची. ती डिसेंबरात येते आणि तिचा अभ्यासक्रम आदल्या रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर होतो.

पहिला पेपर लेखी. वर्गातल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक मुलाला नाताळचं कार्ड द्यायचं. पहिली-दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे 30 पेक्षा जास्त मुलं नकोत असा इथे कायदाच आहे. (एका खोलीत दोन इयत्ता सांभाळून तुम्ही वर शौचालयाच्या बांधकामावर देखरेख करायचात, हे ओमच्या बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्या फार हळव्या आहेत.) तर ओमच्या वाट्याला 29 कार्डं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी 1843 साली पहिलं नाताळचं कार्ड छापून घेतलं, ते म्हणे साचलेल्या पत्रांना उत्तरं लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून. त्या गृहस्थांना आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवायला हवं होतं. वर्गात आल्फी तीन आहेत. कुठल्या आल्फीला रॉकेटचं कार्ड आणि कुठल्याला नुसतं झाड, यावर ओमने जो वेळ घालवला तेवढ्यात दादाने लग्नाच्या पत्रिका वाटून संपवल्या असत्या. बदल्यात 29 कार्डं घरी आली. त्यांतल्या निम्म्यांवर ओमचं नाव ‘होम’ असं आहे.

मग शाळेची जत्रा. पालकसंघ ती भरवतो आणि जमलेल्या पैशांतून पटांगणातली खेळणी वगैरे घेतो. आधी एक दिवस मुलांना गणवेश माफ करतात आणि त्याबद्दल घरून एक बाटली मागवतात. कशाचीही चालते: सॉस, शाम्पू, शेरी. बाटल्यांची सोडत निघते. ज्याच्या चिठ्ठीच्या आकड्याच्या शेवटी 0 किंवा 5 असेल त्याला बाटली मिळते. नाना, शाळेजवळची गुटख्याची टपरी हटावी म्हणून तुम्ही तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात. इथे मुख्याध्यापिकाबाई स्वतः खुर्चीवर उभ्या राहून ‘अजून वाइनच्या बाटल्या शिल्लक आहेत’ म्हणून पुकारत होत्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मिलिंदने दोन पौंडांच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि त्याला टोमॅटो सॉस लागला.

मी मात्र प्रात्यक्षिकात अडकले. जत्रेत ‘आपापल्या देशाचा पदार्थ आणा’ असं आवाहन होतं आणि सोबत जिनसांचा तक्ता भरून द्यायचा होता. ज्यांची ॲलर्जी धोकादायक ठरते असे 14 पदार्थ या देशाने कायद्याने ठरवलेत आणि ते जिन्नस कशात आहेत हे सांगावंच लागतं. यादी वाचत गेले आणि आपलं स्वयंपाकघरच वाचतेय असं वाटलं. शेंगदाणे आहेत, तीळ आहेत. दूध आहे, म्हणजे तूपही आलं. गहू आहे. आणि मोहरीसुद्धा आहे! म्हणजे फोडणी हाच मुळात जाहीर करण्याजोगा धोका. शेंगदाण्याला तर शाळेच्या फाटकातच बंदी. आई, तुझ्या सगळ्या वह्या मी मनातल्या मनात चाळल्या. साबुदाण्याचे वडे गेले, तिळाची वडी गेली, थालीपीठ गव्हावर अडलं. शेवटी बटाटेवडा ठरवला, तर हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात ‘गव्हाचं पीठ’. शंभरदा फोडणी केली असेल, डबीची पाठ कधी वाचली नव्हती. अखेर बिनमोहरीचे, बिनहिंगाचे वडे केले. चव सांगण्यासारखी नव्हती. सगळे खपले, आणि संघाच्या अध्यक्षीणबाईंनी पुढच्या वर्षीची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवली आहे.

आता मुख्य कार्यक्रम. आपल्याकडे गॅदरिंगला कोळीगीत असतंच, तसं इथे लहान वर्गांचं येशूजन्माचं नाटक. आसिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो नावाच्या गावी जिवंत बैल आणि गाढव उभं करून तो देखावा पहिल्यांदा मांडला असं सांगतात. तेव्हापासून आठशे वर्षं जनावरांची भूमिका कुणाला द्यायची हा प्रश्न चालू आहे. सरकारी शाळेत रोज सामूहिक उपासना व्हावी आणि ती बहुतांशी ख्रिस्ती वळणाची असावी असा इथे कायदा आहे. नको असेल त्या पालकांनी मुलाला बाजूला काढावं. ओमच्या वर्गातून कुणी कुणाला काढलं नाही. मेरीचं काम हैदराबादच्या मुलीने केलं, जोसेफ पोलंडचा होता, आणि देवदूत झालेला नायजेरियन मुलगा पंखांमुळे दारातून आडवा आत आला. बेथलेहेमच्या तमाम धनगरांनी डोक्याला भांडी पुसायचे फडके बांधले होते. धनगर म्हटला की फडका, ही इथली पक्की प्रथा आहे. खांद्यावर घोंगडी टाकलेला आपला एखादा गडी त्यांच्यात उभा केला असता तर राजा समजून त्यालाच सोनं देऊन टाकलं असतं.

ओमला वाक्य नव्हतं. दुसऱ्या गाण्यानंतर एकदा ओरडायचं, बस. पण त्याने मेंढी कशी ओरडते ते आजोबांना विचारलं आणि तुम्ही फोन हातात धरून थेट रानात बसवलेल्या मेंढ्यांपर्यंत चालत गेलात. नाना, त्याचे परिणाम आता ऐका. गाणं संपलं. बाकीच्या तिन्ही मेंढ्या शिकवल्याप्रमाणे हळूच ‘बा’ म्हणाल्या. आपल्या मेंढीने फलटण तालुक्याचा आवाज काढला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. एका धनगराच्या हातची काठी पडली. लोक हसले, आणि हसले म्हणून ओमने तो आवाज पुन्हा काढला, यावेळी मान वर करून, कळप चुकल्यासारखा. पेटीमागे लपून वाक्यं सांगणाऱ्या बाईंनी त्याचा कान, म्हणजे कापसाचा कान, धरून त्याला खाली बसवलं. मेरीने मात्र बाळ येशू काखेत मारून शांतपणे पुढचं वाक्य म्हटलं. ती मुलगी मोठी होऊन काहीतरी चालवणार आहे.

कार्यक्रमात इतरांचीही मुलं दिसतात, म्हणून फोटो कुठे टाकायचा नाही अशी शाळेची सक्त ताकीद. तेव्हा आई, फोटो फॅमिली ग्रुपवर न टाकता तुला एकटीला पाठवलाय. मावशीला पुढे पाठवू नकोस. पाठवला असशीलच.

मुक्ता आता इथल्या चौथीत, त्यामुळे ती अशा पोरकटपणाच्या पलीकडे गेली आहे. तिच्या वर्गाने चर्चमध्ये रेकॉर्डर वाजवला. प्लास्टिकची छोटी बासरी असते ती. तीस जणांनी एकदम वाजवली. चर्च जुनं आणि भक्कम असल्यामुळे टिकलं.

बाकीचं भरभर सांगते. एक दिवस नाताळाचे स्वेटर घालून जायचं होतं. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेने 2012 मध्ये मदतनिधीसाठी काढलेली ही टूम. स्वेटर जितका भडक तितका मान. मिलिंदला काकूने विणून दिलेला तो नारंगी-हिरवा स्वेटर इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाखाणला गेला. एक दिवस नाताळाचं जेवण: टर्की, बटाटे आणि छोट्या कोबीचे उकडलेले गड्डे, जे कुणीही खात नाही आणि दरवर्षी न चुकता वाढतात. पहिल्या तीन वर्गांना 2014 पासून दुपारचं जेवण सरकारी खर्चाने आहे. ओमला नाताळाच्या जेवणापेक्षा डोक्यावरचा कागदी मुकुट आवडला. तुमच्या शाळेच्या खिचडीचं वर्णन त्याला मी केलं, तेव्हा त्याने ‘मग आपण तिकडे का नाही जात’ असं विचारलं. एक दिवस हॉलमध्ये पँटोमाइमवाली मंडळी आली. त्यात म्हातारीचं काम पुरुषानेच करायचं आणि प्रेक्षकांनी तिच्याशी हुज्जत घालायची, ही रीत. नाना, तमाशातल्या गवळणीची मावशी तुम्हाला ठाऊक आहे. ही तिची सख्खी इंग्रज बहीण. मुलं ‘मागे बघ, मागे बघ’ ओरडून घसे बसवून घरी आली.

आता आई, तुझा रुसवा. प्राजूच्या लग्नाला आम्ही आलो नाही म्हणून तू तीन रविवार फोनवर नुसतं ‘हं’ म्हणते आहेस. शाळेचा हिशेब आज लिहूनच देते. परवानगीशिवाय शाळेचे पाच दिवस बुडाले की प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड दंड, आणि 21 दिवसांत भरला नाही तर 160. ऑगस्ट 2024 पासूनचे हे दर आहेत. मुलं दोन, आई-बाप दोन, म्हणजे 320 पौंड, अहेर वेगळा. लग्न हे कारण शाळेला सांगून पाहिलं. बाईंनी विचारलं, ‘एका दिवसात नाही का होत?’ हळद, सीमांतपूजन, सत्यनारायण हे सगळं समजावून सांगेपर्यंत पुढचे पालक ताटकळायला लागले. तेव्हा मंजूच्या लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजींच्या हाती पंचांगासोबत आमच्या शाळेच्या सुट्ट्यांचा कागदही ठेव. तो या पत्रासोबत जोडला आहे.

काल दुपारी दीडला शाळा सुटली. 5 जानेवारीला, सोमवारी, शिक्षकांचं प्रशिक्षण. मुलांची शाळा मंगळवारी 6 तारखेला. अशी प्रशिक्षणं वर्षात पाच दिवस असतात आणि त्या दिवशी मुलं घरी असतात, याची आठवण शाळा आदल्या शुक्रवारी करून देते.

नाना, तुमच्यासाठी एक काम आहे. येत्या जूनमध्ये मुक्ताची या वर्गातली एकमेव खरी परीक्षा: पाढे. संगणकावर 25 प्रश्न, एका उत्तराला सहा सेकंद. दर शनिवारी तुमच्या दुपारी साडेतीनला ती फोनवर बसेल, तेव्हा हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. पाढे बारापर्यंतच विचारतात. तुम्ही तिसापर्यंत नेऊ नका, आणि पावकी-निमकी तर बिलकुल काढू नका.



तुमची,
माधवी