अक्षरी रक्कम

मराठी चित्रपट चालो वा पडो, त्याच्यावर लिहिणारा माणूस कधी पडत नाही. तो बहुधा निवृत्त असतो. खिशात फिल्म क्लबचं मुदत संपलेलं कार्ड असतं, खांद्याला कुठल्या तरी महोत्सवाची विटलेली पिशवी असते आणि जिभेवर, त्याहून जास्त लेखणीत, 'अक्षरशः' हा शब्द असतो. आमच्या पुण्यातल्या पेठेत हा माणूस भाऊ या नावाने राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाऊ एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत चित्रपटांवर लिहितात, आणि पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसं त्यावर 'अक्षरशः' भुरभुरतात.

भाऊंचा चित्रपट प्रेक्षकाला अक्षरशः खुर्चीला खिळवून ठेवतो. कॅमेरा अक्षरशः कविता लिहितो, पार्श्वसंगीत अक्षरशः बोलतं आणि संवाद अक्षरशः निःशब्द करतात, त्यामुळे त्या सिनेमात बोलायचं काम नक्की कोणाकडे आहे ते कळत नाही. नायिका भूमिका अक्षरशः जगलेली असते, तसाच खलनायकही. तीन खून आणि एक अपहरण अक्षरशः जगलेला हा माणूस मोकळा कसा फिरतो, याचा तपास करायला निदान एका हवालदाराने पुरवणी वाचायला हवी. आणि दिग्दर्शक? त्याने शिवधनुष्य अक्षरशः पेललेलं असतं. रामाच्या हातून ते मोडलं होतं. आपल्याकडे दर शुक्रवारी कोणीतरी ते पेलतं आणि पुढच्या शुक्रवारी ते शाबूत अवस्थेत दुसऱ्याला मिळतं.

खुर्चीला खिळण्याची वेळ भाऊंवर एकदाच खरोखर आली. एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात खुर्चीचं रेक्झिन फाटून खिळा वर आला होता. मध्यंतराला भाऊ उठले, पँट उठली नाही. वहिनींनी पदर आडवा धरून त्यांना बाहेर काढलं. मी रविवारची वाट बघत होतो, कारण हा शब्द आयुष्यात एकदा तरी सत्कारणी लागणार होता. भाऊंनी लिहिलं, 'आसनव्यवस्था समाधानकारक नाही.'

भाऊंची खरी गंमत इथेच आहे. जे घडलेलं नसतं ते अक्षरशः घडतं. जे अक्षरशः घडतं त्याबद्दल ते सोसायटीच्या इतिवृत्ताच्या भाषेत लिहितात.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' पाहा. त्यात कॅमेरा एका जागी मांडी घालून बसतो, कोणाच्या चेहऱ्याजवळ जायची त्याला घाई नाही. खटल्याला तारखांवर तारखा पडतात आणि कोणी आवाजही चढवत नाही. भाऊंच्या मते हा चित्रपट 'अक्षरशः अंगावर येतो'. उलट नागराज मंजुळेच्या 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने. मराठी सिनेमात अंगावर येण्याची याहून चोख सोय कोणी केली असेल असं मला वाटत नाही. त्यावर भाऊंचं मत: 'विचारप्रवर्तक'.

'संत तुकाराम'च्या बाबतीत तर त्यांनी कमाल केली. 1936 चा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. त्याच्या शेवटी विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम आपल्या डोळ्यांदेखत गरुडावर बसून वैकुंठाला जातात. जिजाई खाली राहते. संसार सोडून ती कशी जाणार? कोणताही नट त्याआधी किंवा त्यानंतर प्रेक्षकांना 'वेगळ्याच विश्वात घेऊन गेला' असेल, पण पागनीस स्वतः गेले, वाहनासकट गेले. शब्द दारात येऊन उभा होता. प्रभातच्या जुन्या चित्रपटांवरच्या लेखात भाऊ लिहितात, 'पागनीसांचा अभिनय सात्त्विक असून शेवट परिणामकारक आहे.'

1975 साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात आणि देवी दिसली की पडद्यावर नाणी उधळत. त्या प्रेक्षकांबद्दल भाऊंचं वाक्य, 'धार्मिक वर्गाचा प्रतिसाद बरा होता.'

हा आजार मात्र भाऊंपुरता नाही, सिनेमाइतकाच जुना आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला लूमियेर बंधूंचे खेळ झाले, त्यात स्टेशनात शिरणारी आगगाडीही होती. हीच आगगाडी पॅरिसमध्ये पाहून प्रेक्षक जिवाच्या भीतीने पळत सुटले, असं सव्वाशे वर्षं सांगितलं जातंय. त्याचा भक्कम पुरावा संशोधकांना सापडलेला नाही. माझा संशय असा की त्या दिवशी मागच्या रांगेत पॅरिसचे कोणी भाऊ बसले होते. कोणीतरी जरा दचकलं असेल. यांनी घरी जाऊन लिहिलं, 'प्रेक्षक अक्षरशः पळाले.' झाला इतिहास.

भाऊंचा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. तिथे त्यांनी लाखभर तरी धनादेश तपासले असतील, आणि प्रत्येकावर दोन गोष्टी पाहिल्या: अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम. दोन्ही जुळल्या नाहीत की भाऊ धनादेश परत करत. मग तो आमदाराचा असो की मेव्हण्याचा. आता ते परीक्षणाच्या शेवटी तारे देतात. वर अक्षरी लिहिलेलं असतं, 'अक्षरशः अविस्मरणीय अनुभव', खाली अंकी असतं, अडीच तारे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हा चेक तुम्हीच परत पाठवला असता."

भाऊ शांतपणे म्हणाले, "निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, 1881. कलम 18. फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी."

कायदा खरोखर तसंच सांगतो, त्यामुळे मी चहा घेतला.

पुरवणीत मध्यंतरी एक नवी उपसंपादक आली. पोरगी हुशार, आणि तिच्याकडे जागा कमी. तिने भाऊंच्या लेखातले सगळे 'अक्षरशः' काढून टाकले. लेखाचं काही बिघडलं नाही, एक ओळ मोकळी झाली आणि तिथे चित्रपटाच्या खेळांच्या वेळा मावल्या. लोकांना त्या वेळांचा उपयोगही झाला. भाऊंनी सोमवारी सकाळी फोन केला, "माझ्या लेखाची अक्षरशः कत्तल केलीत तुम्ही!" ती म्हणाली, "काका, सात शब्द काढले. सातही एकच होते." तिचं स्वतःचं बोलणं ऐकलं तर ती सिनेमाला 'प्रचंड' म्हणते. सिनेमा प्रचंड भारी, प्रचंड स्लो, प्रचंड साधा. प्रचंड साधा म्हणजे काय ते मला अजून उलगडलेलं नाही. पण तिच्याही निवृत्तीला वेळ आहे, आणि भाऊंसारखी माणसं एका दिवसात घडत नाहीत.

महोत्सवाच्या दिवसांत भाऊंना पाहावं. जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला की ते डबा, मफलर आणि वही घेऊन सकाळच्या पहिल्या रांगेत उभे असतात. दुपारच्या जेवणानंतरच्या इराणी चित्रपटात भाऊ झोपतात. झोपतात म्हणजे, इथे तो शब्द वापरायला माझी हरकत नाही, अक्षरशः झोपतात. जाग आली की वहीत लिहितात, 'या चित्रपटातलं मौन अक्षरशः किंचाळतं.' शेजारी बसलेल्या माझ्या माहितीप्रमाणे तेव्हा चित्रपटगृहात एकच आवाज होता, आणि तो पडद्यावरून येत नव्हता.

वहिनी लिहीत नाहीत. 'श्वास' पाहून आल्यावर भाऊंनी पानभर लिहिलं होतं, 'डोळ्यांतून अक्षरशः अश्रूंच्या धारा' वगैरे. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणाऱ्या नातवाला शस्त्रक्रियेआधी एकदा जग दाखवू पाहणारा आजोबा, अरुण नलावडेंचा. मी वहिनींना विचारलं, कसा वाटला? त्या म्हणाल्या, "माझा रुमाल भिजला. मग ह्यांचा घेतला. तो कोरडा होता."

मी पुरवणीतली परीक्षणं आवडीने वाचतो आणि तिकीट वहिनींना विचारून काढतो. त्यांच्याकडे तीनच शेरे आहेत: 'रुमाल न्या', 'दोनदा घड्याळ बघितलं' आणि 'घरीच बसा'. आजवर त्यांचा एकही परत आलेला नाही. तुम्हालाही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, फक्त रात्री आठनंतर फोन करू नका. त्यांची मालिका असते.