मिठी खाडीबाईंना अनावृत पत्र

श्रीमती मिठी खाडीबाई,
मु. लिंबायत, सुरत.



पत्र मराठीत आहे म्हणून बिचकू नये. इथली महापालिका सात भाषांतून शाळा चालवते, त्यात मराठीही आहे. शिवाय तुम्ही ज्या गल्ल्यांच्या मागून वाहता, तिथे दाराआड दार जळगाव, धुळे, नंदुरबारचं. इतकी वर्षं शेजार आहे, तेव्हा अहिराणीसुद्धा तुमच्या कानावरून गेलेली असणार.

पत्रास कारण की, सगळं शहर शिस्तीला लागलं, तुम्ही तेवढ्या राहिलात.

आता बघा, या शहरात पान खाऊन दुचाकीवरून पिंक टाकली तर चौकातला कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड मागतो. 2019 च्या डिसेंबरात सरकारनेच शहरात हेल्मेटची सक्ती उठवली होती. पुढे ती परत आली आणि 2025 च्या फेब्रुवारीपासून तर पोलिसांनी अशी मनावर घेतली, की माणूस भाजी आणायलाही डोकं झाकून निघू लागला. सिग्नलला पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबणारा सुरतकर बघायला मिळेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच हेल्मेट घालायला लावलं असतं. पण थांबतो हो! मेमो घरी येतो, फोटोसकट. नवऱ्यामागे कोण बसलं होतं तेही त्यात दिसतं. त्यावरून घरात होणारा दंड वेगळा.

माणसांचं सोडा, देवालाही सूट नाही. गणपतीची मूर्ती किती उंच, याचा पोलिसांचा जाहीरनामा दरसाल निघतो. बैठकीसकट नऊ फूट, त्यापुढे मनाई. तापीमाय आमच्या भुसावळावरून वाहत येते, म्हणून तिच्यात बाप्पा सोडायचा आम्हाला जरा जास्तच उमाळा. पण तेही बंद झालं, आता कृत्रिम तलाव. नदीसाठी ते बरंच झालं, तक्रार नाही. सांडपाण्यालासुद्धा वळण लागलं आहे. बमरोलीला ते शुद्ध करून रोज चार कोटी लिटरच्या हिशेबाने पांडेसऱ्याच्या मिलांना विकायची सोय 2014 पासून आहे. म्हणजे आमच्या मोरीचं पाणीसुद्धा इथे नोकरीला लागलं, पगार आणू लागलं.

आणि तुम्ही? ना घरपट्टीचं वेराबिल, ना परवाना, ना मेमो. जुलै 2024 मध्ये आलात. 2025 मध्ये तर जूनही सरू दिला नाहीत. 23 तारखेचा पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी तुमचं पाणी उतरेना. वर आभाळ निळं आणि खाली गुडघाभर काळं पाणी, असा देखावा लिंबायत, परवत पाटिया, पुणा भागाने पाहिला. यासाठी सुरतेत स्वतंत्र शब्द आहे, खाडीपूर. पाऊस पडून गेल्यावर येणारा पूर.

तुमची उंची कुणी मोजत नाही असंही नाही. पावसाळ्यात प्रत्येक खाडीची पातळी आणि धोक्याची पातळी शेजारी शेजारी जाहीर होते. फरक इतकाच, की बाप्पाची उंची वाढली तर मंडळावर गुन्हा दाखल होतो आणि तुमची वाढली तर पत्रक निघतं.

तुम्ही येता तेव्हा गल्लीत काय होतं, हे तुम्हाला आतून दिसत नसेल म्हणून सांगतो. आधी माळ्यावर चढते ती साड्यांची गाठोडी. घरी बसून साड्यांना टिकल्या आणि खडे चिकटवणाऱ्या बाया आमच्याकडे पुष्कळ. साडी शेठची असते. भिजली तर पैसे कापले जातात, म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पहिली वर. त्यानंतर धान्याची कोठी, मग दप्तरं, मग फ्रिज पलंगावर. म्हातारी माणसं सगळ्यांत शेवटी, कारण ती हलायलाच तयार नसतात. लूमखात्यात कारीगर संच्याच्या मोटारी सोडवून वर टांगतात. पाणी ओसरलं की ओट्यावर जो थर उरतो तो खराट्याने निघत नाही, पत्र्याने खरवडावा लागतो. रंगाचा, तेलाचा, गटाराचा असा एकत्र वास त्याला येतो आणि आठ दिवस पोळीलाही तो वास लागल्यासारखा वाटतो.

याच्यापुढे खुद्द तापीचा महापूर परवडला, असं म्हणणारे लोक आहेत. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि जवळपास सगळं शहर बुडालं. श्रीमंत बुडाले, गरीब बुडाले, बंगले बुडाले. त्यामुळे त्याची चर्चा झाली, अभ्यास झाले. तुम्ही मात्र माणसं बघून येता, खाडीबाई. वर्षानुवर्षं त्याच गल्ल्या.

तुमची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. तुम्ही म्हणाल, मी कुठेही घुसले नाही, मी आपली जागा शोधत होते. काठावर भराव पडला, त्यावर शेड उभ्या राहिल्या, नगररचनेच्या टीपी स्कीमच्या नकाशात माझी वळणं सरळ झाली, पुलाखाली गाळ साचला, आणि पुढे समुद्राच्या अंगाला झिंग्यांचे तलाव झाले. पाणी जाणार कुठे? तुमचं म्हणणं खरं आहे. तुमची मुंबईची नामबहीण, मिठी नदी, हेच 26 जुलै 2005 ला सांगून गेली. त्यानंतर तिथे गाळ काढण्याचं काम इतक्या निष्ठेने चाललं, की 2025 मध्ये गाळाच्या बिलांवरून पोलिसांत 65 कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदला गेला. गाळ नदीत राहिला की कागदावरून वाहून गेला, हे कोर्ट ठरवील.

पण एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल, कारण तेव्हाही तुम्ही इथेच होता. सप्टेंबर 1994. प्लेगच्या भयाने लाखो लोकांनी सुरत सोडली. आमची मंडळी मिळेल त्या डब्याला लटकून खानदेशात पोचली आणि तिथे गावकरी त्यांना वेशीवरच न्याहाळू लागले. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी रोज सकाळी अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रस्त्यावर उतरवलं, आणि बेकायदा बांधकामं पाडताना मालकाचं नाव वाचून हात आखडला नाही. दोनेक वर्षांत हेच शहर स्वच्छतेत चंडीगडच्या खालोखाल गणलं गेलं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसोबत पहिलं आलं, त्याचा पाया तिथला. तेव्हाची शिस्त वरपासून खाली आली होती. आताची खालून सुरू होते आणि खालीच संपते. तिला दुचाकीचा नंबर वाचता येतो, ट्रकभर भराव मात्र दिसत नाही. पिचकारी दिसते, काठावर रात्रीतून उगवलेली भिंत दिसत नाही. ट्रकलाही नंबर असतो, आणि भिंत तर जागची हलतही नाही.

म्हणून खाडीबाई, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला मेमो देऊन उपयोग नाही, तुम्ही कुठे मोबाईल वापरता. 2025 च्या जूनमधल्या पुरानंतर बैठका झाल्या, अतिक्रमणं काढायची मोहीम निघाली, जेसीबी आले. हे चांगलंच झालं. ते पुढच्या निवडणुकीपर्यंत न थांबता चाललं पाहिजे, आणि उपसलेला गाळ काठावरच ठेवून पहिल्या सरीला तुम्हालाच परत करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे.

या पत्राची एक प्रत कारभाऱ्यांकडे जाईल, तिच्यात एकच मागणी. प्रत्येक खाडीपुलावर एक पाटी लावा. धोक्याची पातळी लिहिताच. तिच्याखाली जुन्या मोजणीत खाडीची रुंदी किती होती आणि आज किती आहे, हे दोन आकडे ठळक लिहा. तिसरा आकडा, म्हणजे मधली जागा कुणाकडे गेली, तो आम्ही शेजारीपाजारी तोंडपाठ सांगू.

आपला,
वेळेवर वेरा भरणारा एक लिंबायतकर