बिजलीच्या मापाचं

घोड्यावर बसलेला माणूस आमच्या जिल्ह्यात दोनच प्रकारचा आढळतो: पुतळा आणि नवरदेव. पन्नाशी उलटल्यावर नवरदेव व्हायला घरून परवानगी मिळत नाही, आणि पुतळा व्हायला मरावं लागतं, तेही काहीतरी करून. म्हणून मी तिसरा प्रकार काढला. घोडी घ्यायची आणि कळंबकडच्या सागाच्या रानातून निवांत हिंडायचं. (टिपेश्वरला वाघ आहेत. तिकडचे साग मी जीपमधूनच पाहतो.)

यवतमाळात घोडी म्हणजे लग्नाची घोडी. आमची बिजलीही वरातीतूनच निवृत्त झालेली. जातीची मारवाडी, आणि शेतीपंपाच्या विजेसारखी स्वतःच्या वेळेला येणारी-जाणारी. बँड वाजला की अजूनही पुढचे पाय उचलून नाचते. ते एक वेळ चालेल. अडलं ते जिनापाशी. तिच्याबरोबर आलेलं जीन म्हणजे मखमल, जर आणि आरसे. त्याखालचा लाकडी सांगाडा कसा आहे, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

लांबच्या रपेटीला जीन दोघांच्याही मापाचं लागतं, घोड्याच्या आणि स्वाराच्या. स्वाराची बैठक इंचांत मोजतात. खोगिरांसाठी कानपूर प्रसिद्ध, म्हणून तिथल्या मालाची यादी चाळली. इंग्रजी पद्धतीच्या जिनात मला 18 इंच लागत होते. अमेरिकन काउबॉय पद्धतीत मोजायची रीत वेगळी, तीच बैठक साधारण दोन इंचांनी कमी भरते. मी तत्काळ काउबॉय झालो. बायको म्हणाली, "अहो, मग पँटही तिकडूनच मागवा."

पुढे वजन. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं वाहू नये, असा जाणत्यांचा ढोबळ हिशेब आहे, आणि त्यात जीनही आलं. बिजली टेपने मोजून साडेतीनशे किलो भरली. पाचवा हिस्सा 70. काउबॉयचं जीन 15 किलोंचं. माझ्या वाट्याला उरले 55. मी 55 किलोंचा होतो तेव्हा शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला धावत होती. धावत होती, हे मी मायेपोटी म्हणतो.

मग हलकं जीन शोधता शोधता मला जॉर्ज मॅक्लेलन भेटला, आणि त्याच्यात मी पार गुंतलो. हा अमेरिकन सैन्यातला अधिकारी. युरोपातली सैन्यं पाहून आला आणि त्याने एक जीन बेतलं. 1859 साली ते सैन्याने स्वीकारलं. खासियत अशी की, मधोमध लांबट फट. घोड्याच्या कण्यावर भार नाही, वरून वारा खेळता. वैशाखातल्या यवतमाळसाठीच जणू बनवलेलं! पुढे तिथलं यादवी युद्ध पेटलं, मॅक्लेलन सेनापती झाला आणि त्याचा स्वभाव उघडा पडला. फौजेची तयारी करावी तर त्यानेच. कवायत चोख, रसद चोख, फक्त पुढे निघायचं नाव नाही. आणखी माणसं पाठवा, एवढं एकच पालुपद. कंटाळून लिंकनने 1862 मध्ये त्याला काढलं. 1864 मध्ये तो लिंकनच्याच विरोधात अध्यक्षपदाला उभा राहिला आणि आपटला. जीन मात्र अमेरिकेचं घोडदळ मोडीत निघेपर्यंत टिकलं. मी हे सगळं मोठ्या आत्मीयतेने वाचलं. बूट घेतले होते, टोपी घेतली होती, पाण्याची चामडी बाटली घेतली होती. आता एवढं जीन आलं की निघणारच होतो.

बिजलीच्या जुन्या मालकाला मॅक्लेलनचं चित्र दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं. "भाऊ, जीन घोडीच्या पाठीले लागते, तुमच्या फोटोले नाई. आधी तिचं माप घ्या ना."

घेतलं. जाड तार खांद्यामागच्या उंचवट्यावर दाबून वाकवायची, तो आकार बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवायचा आणि कापायचा. जिनाची कमान आणि उंचवटा यांत दोन-तीन बोटं मोकळी हवीत, खांदा हलायला मोकळा हवा, मागची कड शेवटच्या बरगडीपलीकडे जाता कामा नये. तार वाकवताना बोटाखाली पांढरे केस आले. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. मला आधी ती खूणच वाटली, शुभ वगैरे. पण जीन वर्षानुवर्षं एकाच जागी रुतलं की कातडीखालची मुळं दुखावतात आणि तिथला केस पुढे पांढराच उगवतो.

मग प्रत्येक वरातीचा राग येऊ लागला. मे महिना, पारा 45 कडे, समोर डीजे, वर 90 किलोंचा नवरदेव, त्याच्या मांडीवर भाचा, आणि तासभर एकाच चौकात नाच. त्या गर्दीत मीही नाचलोय, पुढच्या रांगेत. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. जू वागवून कठीण झालेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षातून एक संध्याकाळ का होईना, ओझं नेमकं कुठे बसतं ते हाताने चाचपलं जातं. घोडीला तेवढीही संध्याकाळ नाही. तिच्या पाठीवर कायम झूल.

यंदा गोठ्यात बैलांबरोबर बिजलीचीही पाठ शेकली. आमच्या गड्याला ते अशास्त्रीय वाटलं. बैल तटस्थ होते. बिजलीने तूप चाटायला मान वळवली आणि माझी टोपी खाल्ली.

पुठ्ठा आता कारागिराकडे गेला आहे. जीन रुंद सांगाड्याचं, हलकं आणि तिच्याच मापाचं होईल. त्यावर बसण्याइतकं माझं वजन कधी उतरेल, हे मी कुणाला विचारत नाही. तोवर तिचे पाय मोकळे व्हावेत म्हणून लगाम धरून रोज सकाळी पायी हिंडवतो, काउबॉयचे बूट घालून. परवा एका गावात चहाच्या टपरीवर दोघांनी अडवलं. तुळशीचं लग्न झालं की पोराचा बार उडवायचा होता. भाव विचारला. म्हटलं, ही लग्नाला जात नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं.

"मंग रिकामीच काहून फिरवता बापा?"