माळ्यावरची पेटी

जुहूतल्या जुन्या घरांचे माळे अजून शिल्लक आहेत, याचं श्रेय भारतीय सैन्याला द्यायला हवं. आमच्या भागात सैन्याचं बिनतारी संदेश केंद्र आहे. त्याच्यापासून ५०० यार्डांच्या आत ५० फुटांहून उंच बांधायचं नाही, असा १९७६ सालचा हुकूम. त्यामुळे पार्ल्या-अंधेरीत जुन्या इमारती पडून मनोरे उभे राहिले, तरी आमची चार मजली इमारत आहे तशीच आहे. तीच गळकी गच्ची, तेच कुरकुरणारं लिफ्टचं दार आणि प्रत्येक घरात न्हाणीघराच्या डोक्यावर तोच माळा. पुनर्विकासात जाणारी माणसं घर रिकामं करताना एकदाच काय ते भंगारवाल्याला बोलावतात आणि मोकळी होतात. आम्हाला ती सोयच नाही. म्हणून माझी बाजाची पेटी, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या क्रोशाच्या सुया, निवृत्त कप्तानसाहेबांचे जलरंग अशा कितीतरी कला इतकी वर्षं धूळ खात का होईना, सुखरूप राहिल्या. देशाचं रक्षण करता करता सैन्याने आमचे छंदही राखले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. शेजाऱ्यांची असू शकेल.

हे सगळं माळ्यावरून खाली आलं ते दानधर्मामुळे. आमची सोसायटी दरवर्षी जवळच्या एका विशेष मुलांच्या शाळेला वर्गणी काढून देते. पूर्वी सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन दारोदार यायचे. चहा व्हायचा, मागच्या वर्षी आपण किती दिले होते याची चौकशी व्हायची, मग खालच्या मजल्याने यंदा किती दिले याची, आणि त्यावर अकरा रुपये चढवून आकडा ठरायचा. आता ग्रुपवर क्यूआर कोड येतो. गॅसवरचं दूध वर येईपर्यंत दान उरकतं. पुण्य जमा झाल्याचा मेसेज बँकेकडून येतो, पण तोही 'डेबिट' म्हणून.

दुसरं दान कपाट आवरायचं. दिवाळीआधी आमच्याकडे उदारतेची अशी लाट येते की विचारू नका. बटणं गेलेले शर्ट, एका पायाचा स्केटिंगचा बूट, भरलेली शब्दकोडी. शाळेच्या बाईंनी गेल्या वर्षी फार गोड आवाजात सांगितलं होतं, "वस्तू द्याच, फक्त तुम्ही स्वतः आणखी वर्षभर वापरू शकाल अशा द्या." तेव्हापासून वस्तूंचा ओघ एकदम आटला.

या पार्श्वभूमीवर आमच्या सौ.नी सोसायटीच्या सभेत सूचना मांडली. यंदा नुसते पैसे नकोत. प्रत्येकाने हाताने काहीतरी करायचं, कोजागरीला खाली कंपाउंडमध्ये मांडायचं, विकायचं आणि येतील ते पैसे शाळेला. सभेत शांतता पसरली. तिला संमती समजून सेक्रेटरींनी ठराव लिहून टाकला. घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "अहो, तुमची पेटी काढा."

"अगं, पेटी विकायची?"

"विकायला कशाला? वाजवायची. विकत कोण घेणार ती!"

पेटी काढली. जुहूचं खारं वारं माणसाच्या तब्येतीला चांगलं म्हणतात. पेटीला त्याने काय केलं होतं ते झाकण उघडल्यावर कळलं. पितळी सुरांवर हिरवा गंज, भात्याला भोकं, आणि दोन पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहायच्या. दादरच्या एका कारागिराकडे नेली. त्याने भाता एकदा ओढला, कान लावून तो सुस्कारा ऐकला आणि मला वाजवून दाखवायला सांगितलं. मी वाजवलं. तो म्हणाला, "सुरांचं मी करतो साहेब. हाताचं तुम्ही बघा." त्याने सांगितलेला आकडा मी गेल्या काही वर्षांत शाळेला दिलेल्या एकूण वर्गणीपेक्षा जास्त होता.

इथेच आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सीएसाहेबांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "काका, हिशेब करून बघा. तुमची दुरुस्ती, कप्तानसाहेबांचे नवे ब्रश, भाभींचे तोरणाचे मणी, काकूंचा दोरा. एवढे पैसे सरळ शाळेला दिले असते, तर तिथे एक खोली रंगवून झाली असती." आकड्यांच्या माणसाशी वाद घालू नये, आणि लिफ्टमध्ये तर नयेच. पण मनात म्हटलं, जुहूत राहून हा माणूस असं कसं बोलतो?

कारण आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर जानकी कुटीर आहे आणि तिथे पृथ्वी थिएटर. लोक तिथे सुलेमानी चहा प्यायला जातात, आणि चहा संपेपर्यंत नाटक सुरू झालेलं नसलं तर तेही बघतात. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते उघडलं, शशी आणि जेनिफर कपूर यांनी शशींच्या वडिलांच्या नावाने बांधलेलं. वडील म्हणजे पृथ्वीराज. त्यांची नाटक कंपनी १९४४ ते १९६० अशी सोळा वर्षं हिंदुस्थानभर फिरली. नाटक संपलं की हा धिप्पाड, राजबिंडा माणूस, ज्याच्या आवाजाने मागच्या रांगेतल्याही छातीत धडधडायचं, तो थिएटरच्या दाराशी झोळी पसरून उभा राहायचा. मान खाली. लोक बाहेर पडता पडता झोळीत टाकायचे आणि ते पैसे संकटातल्या माणसांच्या मदतीला जायचे.

मला त्या झोळीपेक्षा मानेचं कौतुक जास्त आहे. मान खाली घातल्यावर कुणी किती टाकले ते दिसत नाही आणि कुणी हात खिशातच ठेवून सटकलं तेही दिसत नाही. पृथ्वीराजांचा हेतू तोच होता असा माझा दावा नाही, पण देणाऱ्याची अब्रू राखण्याची याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीत वर्गणीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने जिन्याखालच्या फळ्यावर लागते. शेवटच्या तीन नावांची माणसं महिनाभर मागच्या जिन्याने ये-जा करतात.

आणि पृथ्वीराजांनाही सीएसाहेबांसारखं कुणी भेटलंच असेल. नेपथ्य, कपडे, एवढ्या मोठ्या मंडळीचं रेल्वेभाडं, सगळा खर्च जोडून म्हणालं असेल, पापाजी, हे कशाला? सरळ मनीऑर्डर करा. आपल्याकडेही म्हणता आलं असतं. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, 'मानापमाना'त भामिनी आणि धैर्यधर म्हणून एकत्र उभे राहिले. फंडाला पैसे हवे होते तर दोघांनी एकेक चेक लिहायचा. पण मग शंभर वर्षांनंतर त्या चेकबद्दल कोण बोललं असतं? त्या प्रयोगाबद्दल अजून बोलतात. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचे आजोबा तिथे हजर होते, असं ऐकून ऐकून माझी खात्री झाली आहे की ते थिएटर आझाद मैदानाएवढं असणार.

रेल्वेलाइनच्या पलीकडे पार्ल्यात वाढलेले पु. ल. तर पेटीही वाजवत आणि एकपात्री प्रयोगही करत. लोकांना पोट धरून हसवून मिळालेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी कुठे कुठे गुपचूप पोचवला, त्याची यादी मोठी आहे. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्यालाही त्यांच्या प्रतिष्ठानाचा हात होता. अर्थात पु. लं.ची पेटी लोक ऐकत. माझा मुद्दा तिथे जरा लंगडा पडतो.

सरावाला बसलो. संध्याकाळी यमन काढायचा ठरवला. आमच्या जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन छोटं विमान इथेच उतरवलं होतं. तो इतिहास अभिमानाचा आहे. आता तिथून हेलिकॉप्टरं उडतात, आणि माझा हात तीव्र मध्यमावर आला की नेमकं एक आमच्या गच्चीवरून जातं. ते गेल्यावर समोरच्या खिडकीतली सासू सुनेला म्हणाली, "संपलं वाटतं." सून म्हणाली, "नाही आई, हेलिकॉप्टर संपलं."

पण इमारतीत काहीतरी घडत होतं खरं. एरवी रात्री नऊला प्रत्येक दाराआडून मालिकांच्या पार्श्वसंगीताचा एकच कडकडाट यायचा. आता तिसऱ्या मजल्यावर दिवा जळत असायचा आणि कप्तानसाहेब चष्मा कपाळावर चढवून समुद्र रंगवत असायचे. आयुष्य समुद्रावर काढलेला हा माणूस समुद्राचा रंग कुठला, यावर बायकोशी भांडत होता. तिचं म्हणणं, जुहूचा समुद्र चहाच्या रंगाचा आहे, तसाच काढा. त्यांना निळा हवा होता. भाभी मोत्यांचं तोरण करता करता राजकोटच्या आजीच्या गोष्टी सांगायच्या, आणि ऐकायला कुणी नसलं तर वॉचमनला सांगायच्या. वॉचमन एक दिवस घाबरत घाबरत म्हणाला, "साहेब, आम्ही पण काही करू का? गावाला भजनात मृदंग वाजवायचो." त्याचा मृदंग गावी होता. त्याने प्लास्टिकची पाण्याची टाकी उलटी घातली. मला प्रथमच साथ मिळाली, आणि त्याचा ठेका इतका पक्का होता की मी कुठे कुठे चुकतो ते सगळ्या इमारतीला स्पष्ट कळू लागलं.

कोजागरीला कंपाउंडमध्ये टेबलं मांडली. मसाला दुधाचं पातेलं, वर चंद्र, अधूनमधून हेलिकॉप्टर. विक्री सुरू झाल्यावर एक गोष्ट उघड झाली. घेणारे आणि विकणारे तेच होते. काकूंनी क्रोशाचे रुमाल केले होते, टीव्हीवर घालायचे. हल्लीचे टीव्ही भिंतीला चिकटलेले, त्यांच्यावर रुमाल ठरत नाही. तरी सगळे खपले. मी भाभींचं तोरण घेतलं, भाभींनी कप्तानसाहेबांचा समुद्र घेतला (शेवटी तो हिरवा झाला होता), कप्तानसाहेबांनी रुमाल घेतले. सेक्रेटरींनी आपला कवितासंग्रह ठेवला होता. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की गांधीजी स्वाक्षरीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडाला जात. शिवाय तुरुंगातून सुटल्यावर १९२४ला आणि पुन्हा १९४४ला गांधीजी विश्रांतीला राहिले ते जुहूतच. तेव्हा परंपरेला धरून सेक्रेटरींनी पाटी लावली: 'स्वाक्षरीसह प्रत, फक्त पाच रुपये जादा.' लोक भाविकपणे पाच रुपये ठेवत होते आणि प्रत तिथेच विसरत होते.

मग माझी पेटी. फर्माइशीला पन्नास रुपये, असं ठरलं होतं. पहिल्या दोन फर्माइशी सौ.नी माहेरच्या माणसांकडून आधीच ठरवून घेतल्या होत्या. तिसरं गाणं सुरू झालं आणि पहिल्या मजल्यावरच्या सातवीतल्या पोराने माझ्या शेजारी पुठ्ठ्याचा दुसरा खोका आणून ठेवला. त्यावर खडूने लिहिलं होतं: 'थांबवायचे १००.'

हशा झाला. मीही हसलो, कारण ओठ हलवण्यावाचून इलाज नव्हता. आणि मग पैसे पडू लागले. समोरच्या खिडकीतली सासू स्वतः खाली आली, जिना उतरून, गुडघेदुखी असताना. शंभराची नोट पडली की मी थांबायचो. लगेच कुणीतरी पन्नास टाकायचं, की मी सुरू करायचो, म्हणजे पुन्हा थांबवता यावं. वॉचमन टाकीवर तिहाई घेऊन समेवर थांबायचा, मी समेनंतर केव्हातरी. मुलं दोन पक्षांत विभागली. शाळेच्या बाई चेक घ्यायला आल्या होत्या. त्यांच्याबरोबर शाळेतला एक मुलगा होता. त्याने खिशातून दहाची नोट काढून पन्नासच्या खोक्यात टाकली आणि उरलेले चाळीस नंतर देतो म्हणाला. मी उधारीवर वाजवलं. संगीताच्या दुनियेत माझी पत आहे ती एवढीच.

रात्री पैसे मोजायला सीएसाहेबच बसले. दरवर्षीच्या वर्गणीपेक्षा आकडा बराच चढला होता. खर्च वजा करायचा की नाही यावर त्यांनी मोठ्या मनाने तोंड उघडलं नाही. पण सेक्रेटरींनी विचारलं, "या सगळ्यांना ऐंशी-जीची पावती मिळेल ना?"

सीएसाहेबांनी चष्मा पुसला. रोखीत दोन हजारांच्या वर दिलं तर सवलत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळातच नाही. वस्तू दिल्या तर नाही. हे सगळं आम्ही दरवर्षी ऐकतो. मग त्यांनी दोन्ही खोके पुढे ओढले आणि खरी अडचण सांगितली. "दान म्हणजे देणाऱ्याला बदल्यात काही मिळता कामा नये. हे शंभर-शंभरवाले आहेत ना, यांना लगेच मोबदला मिळालेला आहे. सगळ्यांनी पाहिलंय. यांनी सेवा विकत घेतली, यांना सवलत मागता यायची नाही."

"आणि पन्नासवाले?" सौ.नी विचारलं.

"त्यांना काय मिळालं, वहिनी?" सीएसाहेब म्हणाले. "ते निखळ दान."