वाघिणींचं सासर-माहेर

रात्री अकरा वीसला दाराची घंटा वाजली. दारात शेजारचा तात्या, छातीशी बुटांचं खोकं धरून.

'तात्या' हे बारसं मी त्याच्या परस्पर केलेलं. माणूस जन्मानं ओहायोचा, डोळे निळे, आडनाव जर्मन. पण "तुमच्या छपराची पन्हळ तुंबलीय" एवढंच सांगायला जो शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत दोन अंगणं ओलांडून येतो, त्याला दुसरं काय म्हणणार?

"माझी गाडी चालू होत नाहीये. बाराच्या आत बारा मैलांवर पोचायलाच हवं."

"काही इमर्जन्सी?"

"अर्थात."

मी पायजम्यावरच किल्ली उचलली. हिनं आतून विचारलं, "खोक्यात काय आहे?" मांजर असेल, मी म्हटलं. तात्याच्या चेहऱ्यावरून निदान मांजराएवढं तरी दुखणं असावं असं वाटत होतं.

निघाली वाघीण.

म्हणजे मालगाडीची. वॅगनला मराठी जिभेनं पट्टे आणि शेपूट कधी लावलं कोण जाणे, पण तात्याच्या हातातली ती वस्तू पाहिल्यावर तोच शब्द मला योग्य वाटला. साडेपाच इंच लांब, गंजलेल्या तांबूस रंगाची, खऱ्या वाघिणीपेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. अंगावर नाव, नंबर, वजन सगळं. वाचायला भिंग लागतं. मी खड्ड्यातून गाडी नेली की तात्या खोक्यावर हात ठेवायचा, आपल्याकडे रिक्षात गरोदर बाईच्या शेजारी बसलेली सासू ठेवते तसा.

अकरा छप्पन्नला पोचलो. पडवीत अण्णा (हेही माझंच बारसं) घड्याळ घेऊन उभा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खोकं उघडलं, वाघीण दिव्याखाली धरली, चाकांना एक पत्र्याची पट्टी लावून पाहिली, कार्डावर वेळ टाकली. "अकरा अठ्ठावन्न." "अठ्ठावन्न," तात्या म्हणाला. झालं. आम्ही परत.

येताना तात्याची कळी खुलली होती. अमेरिकेत रेल्वे कंपन्या शेकड्यांनी होत्या, आणि एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर सर्रास फिरायची. फिरवणाऱ्या कंपनीनं मालकिणीला दिवसाचं भाडं द्यायचं. दिवस मोजायचा मध्यरात्रीवर: बाराच्या ठोक्याला वाघीण ज्याच्या रुळांवर उभी, त्या दिवसाचं भाडं त्याच्या माथी. म्हणून परक्या वाघिणी बाराच्या आत शेजारच्या कंपनीच्या गळ्यात घालायची सगळीकडे धावपळ असे. तात्या आणि अण्णा यांच्या तळघरांतल्या दोन रेल्वे कंपन्यांतही हाच करार आहे. दर पंचवीस सेंट.

"म्हणजे आज पंचवीस सेंट वाचले," मी म्हटलं.

"प्रश्न पंचवीस सेंटचा नाही."

मी मनातल्या मनात चोवीस मैलांचं पेट्रोल मांडत होतो. प्रश्न खरोखरच पंचवीस सेंटचा नव्हता.

पेट्रोलच्या बदल्यात मला तळघर पाहायला मिळालं. या भागात हिवाळ्यात जमीन गोठते, त्यामुळे घराचा पाया खोल न्यावा लागतो, आणि एवढं खणलंच आहे म्हणून प्रत्येक घराला तळघर. लोक तिथं कपडे धुण्याचं यंत्र, ख्रिसमसचं झाड आणि व्यायामाची न वापरलेली सायकल ठेवतात. तात्यानं तिथं डोंगर ठेवलेत. चारी भिंतींना धरून छातीएवढ्या उंचीवर रूळ, बोगदे, कोळशाची खाण, कागदाची गिरणी, आणि झाडांवर पानगळीचे रंग. तिथं कायम १९५४ सालचा ऑक्टोबर असतो. वाफेची इंजिनं जात होती आणि डिझेलची येत होती, असा तो काळ. तात्याला त्याच्या पुढं जायचं नाही.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. मुलांना मी तिथं घेऊन गेलो होतो. बसायचं, खेळ सुरू होतो, गाड्या धावतात, आपण टाळ्या वाजवायच्या. त्या सवयीनं मी तात्याच्या पहिल्या गाडीला टाळी दिली. तात्या दुखावला. "हा शो नाही," तो म्हणाला, "ही चालू रेल्वे आहे."

चालू म्हणजे किती चालू? महिन्यातून दोनदा मंगळवारी सात-आठ जण जमतात. भिंतीवरचं घड्याळ सहापट वेगानं पळतं, म्हणजे चार तासांत अख्खा दिवस संपतो. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात पावती. पावतीला चार बाजू: रिकामी खाणीवर जा, कोळसा घेऊन वीजघराकडे जा, असं एकेक. एक फेरी झाली की पावती फिरवायची, वाघिणीचं पुढचं आयुष्य ठरलं. कार्डांची ही पद्धत डग स्मिथ नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्ये मासिकातून मांडली आणि तेव्हापासून हजारो सुशिक्षित पुरुष संध्याकाळच्या वेळी, पगार नसताना, मालधक्क्यावरच्या कारकुनाचं काम करत आले आहेत. तात्याच्या मंगळवारी एक दंतवैद्य आहे, एक विमा एजंट, एक गणिताचा प्राध्यापक. खऱ्या रेल्वेत तीस वर्षं काढलेलाही एक आहे. तो म्हणतो, "आमच्याकडे एवढं कुणी बघत नव्हतं." म्हणून त्याला यार्ड देत नाहीत. तो कॉफी करतो.

आता खरा प्रश्न असा की माल घेऊन निघालेली वाघीण जाते कुठं? तळघराची भिंत आली की रेल्वे संपली. यावर डेटनच्या अ‍ॅलन मॅक्लेलंड यांनी आपल्या 'व्हर्जिनियन अँड ओहायो' या रेल्वेवर उत्तर काढलं: भिंत आहे हे विसरायचं. आपले रूळ पुढं देशभराच्या जाळ्याला जोडलेले आहेत असं धरून चालायचं, गाड्या तिकडून येतात आणि तिकडे जातात. न्यू जर्सीचे टोनी कोस्टर यांनी तर आपली 'अ‍ॅलेघेनी मिडलंड' मॅक्लेलंडांच्या रेल्वेला जोडलेली आहे असंच ठरवून टाकलं. मधे शेकडो मैल जमीन होती, पण ती तपशिलाची बाब. तात्या-अण्णांनी एक पाऊल पुढं टाकलं. भिंतीपलीकडे जायचंच आहे तर खरोखर जायचं, बुटांच्या खोक्यातून, मोटारीनं. बारा मैल गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे हजारावर मैल. वाघिणीच्या दृष्टीनं पाहिलं तर मी त्या रात्री पायजम्यावर जवळजवळ पुण्याहून दिल्लीला जाऊन आलो होतो.

परक्या घरी जायचं म्हणजे पत्रिका जुळायला हवी. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कारखान्याचं चाक वेगळं, कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारा आकडा) वेगळा. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर ठेवली की आडवी. म्हणून १९३५ मध्ये मिलवॉकीत या छोट्या रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिनं मापं ठरवून दिली. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. वजन एक औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे साडेपाच इंचांच्या वाघिणीला पावणेचार औंस, सुमारे १०६ ग्रॅम. हलकी भरली तर वळणावर पडणार, म्हणून पोटात शिसं नाहीतर नट-बोल्ट घालतात. या गुणमेलनात तात्या फार कडक. सून पाहायला आल्यासारखा तो वाघिणीला काचेवर चालवून बघतो, आठही चाकं टेकतात की नाही. कपलर केसभर खाली असेल तर पिवळं कार्ड लावून दुरुस्तीच्या रुळावर. अण्णाची एक वाघीण तर तो अठ्ठेचाळीस तासांत परत देऊन आला. दोष काही नव्हता. खऱ्या वाघिणींवर त्या कधी बांधल्या ते लिहिलेलं असतं, तसं हिच्यावरही बारीक अक्षरात होतं: मे १९५६.

"ही अजून जन्मलेली नाही," तात्या म्हणाला.

अण्णानं खाली मान घालून घेतली.

मला सगळ्यात नवल याचं वाटायचं की हा तात्या शिडी देत नाही. गवत कापायचं यंत्र मागितलं तर त्याला पाठदुखी आठवते. आणि हाच माणूस पन्नास-पन्नास डॉलरच्या वाघिणी, महिनाभर झिजून खडूच्या भुकटीनं स्वतः मळवलेल्या वाघिणी, बारा मैलांवरच्या माणसाच्या हवाली करतो. (नवी कोरी वस्तू आणून ती मळवायची, हे हिला आजतागायत पटलेलं नाही. "आमच्याकडे पाठवा, मुलं करतील," ती म्हणते.) त्या दोघांची तीस वर्षांची ओळख. मी फोनवरचं बोलणं ऐकलंय. "सात येताहेत. दोन रिकाम्या." "रीफर एक कमी आहे." "शुक्रवारी." फोन बंद. बायका, मुलं, गुडघे, मतदान, देव: काहीही नाही.

मागच्या वर्षी अण्णाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते मला अण्णाच्या बायकोकडून कळलं. तात्याच्या तळघरात नुसती एक सूचना टाइप करून लावली होती: पश्चिमेच्या जंक्शनवरची मालवाहतूक पुढील सूचनेपर्यंत बंद. सहा आठवडे त्या रुळावर तात्यानं एकही वाघीण उभी केली नाही. रूळ मात्र दर मंगळवारी पुसून ठेवी. सातव्या आठवड्यात खोकं आलं. आत सपाट वाघीण, तिच्यावर बारीक साखळ्यांनी चहूबाजूंनी जखडलेला एक पिवळट-तपकिरी धोंडा. कार्डावर लिहिलं होतं: माल, दगड एक. अवजड. वळणांवर वेग कमी.

तो अण्णाचा पित्ताशयातला खडा होता. दीड सेंटिमीटरचा, तात्याच्या मुलखात सव्वा मीटरहून मोठा. दंतवैद्य एकदम मागे सरला. तात्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला, परत लावला आणि म्हणाला, "साखळ्या कमी लावल्यात." मग त्यानं ती गाडी स्वतः चालवली. पूर्ण फेरी. एरवी तो मालगाडी कुणालाही देतो.

हे सगळं घरी येऊन मी हसत हसत सांगितलं तर ही हसली नाही. तिनं ओट्याच्या खणातून वही काढली. आमच्या गावात वीसेक मराठी घरं. गणपती, डोहाळजेवणं, आजारपणं चालूच, आणि स्टीलचे डबे या घरातून त्या घरात सारखे फिरतीवर. कुठला डबा कुणाकडे, कोणत्या तारखेपासून, झाकणासकट की बिनझाकणाचा, सगळं त्या वहीत. डब्यांवर नावं घातलेली आहेत, काहींवर माझ्या सासूबाईंचं, १९७८ सालासकट. तिनं वही तात्याला दाखवली. आमच्या अठरा वर्षांच्या शेजारात त्याला इतका भारावलेला मी पाहिला नव्हता.

"दिवसाचं भाडं?" त्यानं विचारलं.

"लावायला हवं होतं," ही म्हणाली.

त्यानं एकच दुरुस्ती सुचवली. रेल्वे कंपनी सोडून इतर मालकाची वाघीण असेल तर तिच्या नावाच्या अक्षरांत शेवटी 'एक्स' लागतो. आम्ही रेल्वे कंपनी नसल्यामुळे सासूबाईंच्या नावापुढं एक्स हवा. ते आम्ही पुण्याला कळवलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी यार्ड हिच्याकडे आलं. मी कॉफी करणाऱ्याला मदत करतो.

दिवाळीत तिनं चकल्यांचा डबा तात्याकडे पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला: लखलखीत घासलेला, दोऱ्यानं एक कार्ड बांधलेलं. 'रिकामी होताच मालकाकडे परत.' आणि खरोखरच रिकामा. हिचा चेहरा उतरला. रिकामा डबा परत करत नाहीत, हे त्याला कुणी सांगायचं? हिनंच सांगितलं. काहीतरी घालायचं असतं, चिमूटभर साखर का असेना.

तात्या विचारात पडला. त्याच्या हिशेबी रिकामी वाघीण लगोलग परत करणं हा सद्वर्तनाचा कळस होता. तरी "म्हणजे परतीचा माल," असं पुटपुटत तो गेला. पुढचा डबा बेसनाच्या लाडवांचा. तो परत आला तेव्हा त्यात दोन चमचे कोळशाचा चुरा होता, चाळून एकसारखा केलेला.

"अरे, याला काही कळतं की नाही!" ही म्हणाली, आणि तो चुरा तिनं काचेच्या बाटलीत भरून ठेवला. का ते मी विचारलं नाही.

परवा रात्री पुन्हा घंटा वाजली. दारात तात्या, धापा टाकत, सपाता उलट्या पायांत. हातात पुरणपोळ्यांचा डबा. हिनं झाकण उघडलं: तळाशी चिमूटभर साखर आणि पंचवीस सेंटचं एक नाणं.

"हे कालच्या दिवसाचं," तात्या म्हणाला. "आजचं लागू नाही."

हिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वही काढली आणि लिहिलं: अकरा बावन्न. झाकणासकट.