वजाबाकीकाका

प्रत्येक सोसायटीत एक वजाबाकीकाका असतात. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून स्वतःलाच मोजू लागले.

दीड वर्षापूर्वी ९२ किलो भरले. डायरी घातली, वेताळ टेकडी धरली, रात्रीचा भात सोडला. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले. ही बातमी लिफ्टमध्ये भेटेल त्याला मिळाली, दूधवाल्यालाही. शरीर साठवणीतली साखर तिच्या तिपटीएवढ्या पाण्यात भिजवून ठेवतं, सुरुवातीला मुख्यतः तेच पाणी जातं, असं मी सांगायला गेलो. "गेलं ना? मग खर्ची टाकलं," काका म्हणाले.

पुढे पट्ट्याला सुरीनं भोकं पडत गेली. लग्नात काका भेटले की आधी पँटच्या कमरेत मूठ घालून दाखवत, मग आहेर देत. आपल्या ताटातल्या जिलबीकडे ते असं बघत की ती आपोआप कडू व्हावी.

आणि ७८ वर काटा थांबला. एक महिना, दोन महिने, चार महिने. जेवण तेच, टेकडी तीच. काका हवालदिल. दहा पैशांच्या फरकासाठी रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलेला हा माणूस! "अरे, कॅश टॅली होत नाहीये," म्हणत डायरी घेऊन माझ्याकडे आले.

मी मिफ्लिन सूत्र मांडलं: वजनाच्या दहापट, उंचीच्या सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा, वर पाच. नुसतं पडून राहायला ९२ किलोच्या काकांना सुमारे १६७० कॅलरी लागायच्या, ७८ किलोच्या काकांना १५३० पुरतात. हिंडण्याफिरण्याचा हिशेब धरला तर फरक दोनशेच्या घरात.

"म्हणजे दोन पोळ्या," काका कळवळले. "मी वजन कमी केलं, आणि वर दंडही मलाच?"

"शिवाय शरीर हातचा घेतं," मी म्हणालो. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरींनी कमीच. २०१६ मध्ये ते छापून आलं. इतकी टोकाची घट काकांची नव्हती, पण काकांना दिलासा देण्याच्या माझ्या पद्धती अशाच आहेत.

काकू चहा घेऊन आल्या. "तुमचा पगार थांबून पेन्शन सुरू झाली, तेव्हा मी काय केलं? गीझर कमी, रिक्षा बंद. तुम्हाला कळलं तरी का? शरीराला काय अक्कल नाही?"

काका गप्प झाले. रात्रीच्या पानातून एक पोळी कमी केली, दुसरी सकाळच्या. फेऱ्या वाढवल्या. काटा हलला, पण कागदावरच्यापेक्षा कमीच. "रोजचे चाळीस-पन्नास कुठेतरी जातायत," ते परवा म्हणाले आणि डायरी पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला बसले.

काकूंनी त्यांच्या मागून मला डोळ्यांनी दटावलं. "वरणात एवढंसं नको का? गाल बसलेत," त्या जिन्यात कुजबुजल्या होत्या.

चहाच्या एका चमचाभर साजूक तुपात साधारण ४५ कॅलरी असतात. काकांना मी अजून सांगितलेलं नाही.