वाढप नडतं

मे महिन्यातलं नागपूर. बाहेर 45 अंश. पुण्याहून आलेली भाची चपला काढता काढताच जाहीर करते, की ती आता व्हीगन झाली आहे. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आत्या पदराने वारा घेत विचारते, "काहून गं बाप्पा? म्हशीनं काय केलं तुझं?"

भाचीने पिशवीतून सोयाची पाकिटं आणि ओटच्या दुधाचे डबे आणले होते. आत्याने ते मुकाट्याने फ्रिजमध्ये कोंबले आणि ओट्यावर बिडाची कढई चढवली. झुणका!

चार माणसांना दोन वाट्या बेसन आणि चार मोठे कांदे. उन्हाळी कांदा नुकताच निघालेला असतो, त्यामुळे या दिवसांत कांद्याला हात आखडायचं कारण नाही. तेलालाही नाही. बेसन तेल पितं. नाही मिळालं तर जेवणाऱ्याला तोठरा बसवून सूड घेतं. मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की हळद, तिखट, मीठ आणि वरून कोरडं बेसन भुरभुरायचं. खमंग वास सुटेपर्यंत परतायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून त्या झाकणावर पाणी ओतायचं. आतली वाफ गार झाकणाला लागून पुन्हा थेंबाथेंबाने खाली येते, म्हणून बेसन करपत नाही, शिजतं. झाकणावरचं पाणी तोवर कोमट होतं आणि पुढच्या हबक्याला कामी येतं.

बीड तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. म्हणून गॅस पाच मिनिटं आधीच बंद करता येतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात ही पाच मिनिटं लाखमोलाची. कैरीचा कीस मात्र झुणका कढईतून काढल्यावरच. आंबट पदार्थ लोखंडाला झोंबतो, रंग काळवंडतो आणि चवीत खिळा चावल्याचा भास होतो.

भाकरी ज्वारीची. भाचीने मोबाइलवर वाचून सांगितलं, की ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते हरभऱ्यात भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते ज्वारीकडून मिळतं. आत्या म्हणाली, "मग? भाकर काय श्रीखंडाशी खातात?"

इंग्लंडात व्हीगन सोसायटी निघाली ती 1944 मध्ये. वऱ्हाडातल्या शेताच्या बांधावर त्याच्याही आधीपासून लोक झुणका-भाकर, मिरची आणि कांदा खात होते. 1995 साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने तर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. शंभर टक्के व्हीगन सरकारी योजना, आणि मंत्र्यांपासून गिऱ्हाइकापर्यंत कुणाला त्याचा पत्ता नाही!

तेव्हा अडचण स्वयंपाकाची नाहीच. उसळ, ठेचा, जवसाची चटणी, भाकरी: मराठी घरातलं रोजचं कितीतरी रांधप ताटात पडेपर्यंत व्हीगनच असतं. नडतं ते वाढप. भाकरी ताटात पडली रे पडली, की आत्याचा हात आपोआप तुपाच्या वाटीकडे जातो. भाची ओरडते. मग युक्तिवाद सुरू होतो. "एवढंसंच." "दिसणारसुद्धा नाही." "घरच्या तुपानं काही होत नाही." यातल्या शेवटच्या वाक्यापुढे जगातली कुठलीही चळवळ टिकणं अवघड आहे.

तोड विदर्भातच होती. गोळाभातावर आणि वडाभातावर इकडे फोडणीचं तेल ओततात. हे आठवताच आत्याने लोखंडी कढल्यात तेल तापवलं, मोहरी, हिंग आणि लाल मिरची तडतडवली आणि भाचीने कुस्करलेल्या भाकरीवर चर्रकन ओतलं. हाताला काम मिळालं, मायेला वाट मिळाली. "बस, बस" म्हणेपर्यंत दुसरी पळी पडलेली. भाचीच्या आरोग्याच्या कल्पनांना ही पळी मानवली नसावी, पण तत्त्वात बसत असल्यामुळे तिला तक्रार करता येईना. ताकाच्या जागी पन्हं आलं, त्यावर वाद झाला नाही.

आता उरली कढईच्या बुडाची खरवड. त्या घरात तिच्यावर पहिला हक्क आतोबांचा. सगळं जेवण ते एक शब्द न बोलता ऐकत होते. आता मात्र त्यांनी घसा खाकरून, फार आशेने विचारलं, "काय गं, तुमच्या व्हीगन लोकांत खरवड चालते का?"

भाचीने कढई ओढून घेतली.